सेकंदाला दहा चित्रं

ज्ञानदीप खंडारेला अर्ध्या इंदूरची भांडणं ठाऊक होती, आणि त्यातलं एकही त्याला ऐकायचं नव्हतं. तो सीसीटीव्हीचं काम करायचा. पोलोग्राउंडला परेश नावाच्या माणसाचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं, तिथे त्याची नोकरी. पण दुकानात बसणं त्याच्या नशिबी फारसं नव्हतं. कुठल्या ना कुठल्या सोसायटीतून फोन यायचा. कुणाच्या चपला गेल्या, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या दारात घाण केली, कुणी कुणाच्या गाडीला ओरखडा काढला. ‘भिया, जरा कॅमेऱ्यात देखून घ्या ना,’ एवढंच सगळे म्हणत. जरा म्हणजे किती, हे सांगणाऱ्याला कधीच ठाऊक नसायचं. ज्ञानदीप शिडी, ड्रिल आणि जुना लॅपटॉप घेऊन जायचा आणि रिकामा जिना तासन्‌तास बघत बसायचा.

त्याचे आजोबा धोंडिबा पलटणीत होते, महूला. वडील तिथल्याच छावणीत कारकून. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पोरांनी शिकलंच पाहिजे हा धाक. ज्ञानदीपने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, इंदूरला आला, टीव्ही दुरुस्त केले. मग लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडलं, तेव्हा लग्नाच्या कॅसेटी जोडल्या. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्या गेल्या, कॅमेरे आले. दर वेळी तो मुकाट्याने नवं शिकला. पन्नाशीनंतर मात्र त्याला थकवा आला, आणि तो थकवा झोपेने जाणारा नव्हता. त्याची बायको संबोधी म्हणायची, तुम्ही आजकाल जेवणाच्या ताटाकडेसुद्धा कॅमेऱ्यातून बघितल्यासारखं बघता. तिचं खरंच होतं.

एक काम तेवढं त्याला अजून आवडायचं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातून, म्हणजे डीव्हीआरमधून, पेन ड्राइव्हवर काढलेली फाईल बऱ्याचदा कुठेच उघडत नाही. नावाच्या शेवटी एक असतं, आत दुसरंच. लोक वैतागतात, नाव बदलून बघतात, फुकटची सॉफ्टवेअरं उतरवून लॅपटॉपची वाट लावतात. ज्ञानदीप काळी स्क्रीन उघडायचा, एक छोटी कमांड टाइप करून पुढे फाईलचं नाव लिहायचा आणि एंटर दाबायचा. नावावर भरवसा न ठेवता ती कमांड फाईलच्या पोटात डोकावते आणि चार ओळींत सांगते: चित्र कुठल्या जातीचं, किती रुंद, किती उंच, आवाज आहे की नाही, एकूण वेळ किती. त्या चार ओळी कुणाची बाजू घेत नाहीत. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकल्यावर त्याला त्या ओळी वाचून बरं वाटायचं.

स्वस्तातले डबे तर नुसता चित्रांचा प्रवाह ओकतात, एकापाठोपाठ एक चित्र. ती किती वेगाने काढली, हे फाईलमध्ये लिहिलेलंच नसतं. अशा फाईलची कमांडवर चौकशी केली की वेळेच्या जागी ‘एन-ए’ येतं. म्हणजे, ठाऊक नाही. मग कॉम्प्युटर आपल्या मनाने धरून चालतो की सेकंदाला पंचवीस चित्रं असतील. डब्याने दहाच काढली असतील तर सगळा प्रकार अडीचपट वेगाने पळतो. म्हणून ‘एन-ए’ दिसलं की थांबायचं, डब्यात वेग बघायचा आणि तो आकडा कमांडमध्ये आपल्या हाताने लिहायचा. ज्ञानदीपला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण एके दिवशी तो जागा असूनही त्याच्या हातून ते राहिलं.

अन्नपूर्णा भागात शीतलछाया नावाची सोसायटी आहे. तिथले सेक्रेटरी श्रीहरी शिरवळकर. यांचे पणजोबा होळकरांच्या पागेवर कारभारी होते, आणि श्रीहरी सोसायटीचं पार्किंग त्याच रुबाबात चालवायचे. माणूस वाईट नव्हता. पाणी, वीज, कचरा, सगळं वेळच्या वेळी बघायचा. एका सकाळी त्यांच्या आई आनंदीबाई दुधासाठी पिशवी घेऊन गेटातून बाहेर पडल्या आणि शाळेच्या व्हॅनचा धक्का लागून रस्त्यावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आईला दवाखान्यात पोहोचवून, ऑपरेशनची तारीख ठरवून श्रीहरी परत आले आणि त्यांनी ज्ञानदीपला बोलावलं. क्लिप हवी होती, आत्ताच्या आत्ता.

ज्ञानदीप त्या दिवशी दोन सोसायट्या उरकून आला होता. जेवण झालेलं नव्हतं. श्रीहरी त्याच्या खुर्चीमागे उभे होते, त्यांचा हात सारखा खुर्चीच्या पाठीवर आपटत होता, डोळे लाल होते. फाईल निघाली, कमांड टाकली, चार ओळी आल्या. वेळेच्या जागी ‘एन-ए’ होतं. ज्ञानदीपने ते पाहिलं आणि पुढे गेला. तो डबा त्यानेच बसवला होता, महिनाभराचं रेकॉर्डिंग जुन्या हार्ड डिस्कवर मावावं म्हणून कमिटीच्या सांगण्यावरून त्यानेच वेग दहावर आणला होता, आणि त्या क्षणी यातलं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला फक्त तिथून निघायचं होतं. फाईल फोनवर चालेल अशी करून दिली आणि तो गेला.

श्रीहरींनी व्हॅनभोवती लाल गोल काढला आणि क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती शाळेच्या पालकांकडे गेली, तिथून कुठे कुठे. क्लिपमध्ये व्हॅन वळणावरून सणकन येते, म्हातारी पडते, ड्रायव्हर उतरून हातवारे करतो, लोक येतात, तिला उचलतात. एवढंच. बघणाऱ्याचं रक्त तापायला तेवढं पुरे होतं. वर उलट हा भांडतोय बघा, असं सगळे म्हणाले. सीसीटीव्हीत माणसं तुरुतुरु चालतात हे सगळ्यांच्या सवयीचं आहे, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. ड्रायव्हरचं नाव उदयसिंह, गौतमपुऱ्याचा. गेली कित्येक वर्षं त्याच गल्लीतली पोरं शाळेत पोहोचवायचा, मुली त्याला मामा म्हणायच्या. तो सांगत राहिला की मी हळूच होतो. पालकांनी आठवड्याभरात दुसरी व्हॅन लावली.

ज्ञानदीपने क्लिप परत बघितली नव्हती. आपण काढून दिलेली क्लिप तो कधीच परत बघायचा नाही. हलवाई घरी मिठाई खात नाही, तसं. पण परेशला ती फार आवडली. आपल्या कॅमेऱ्यात किती साफ दिसतं, हे गिऱ्हाइकांना दाखवायला त्याने ती दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावून ठेवली. एका दुपारी ज्ञानदीप वायरींच्या टोकांना पिना बसवत होता आणि मान वर केली तर क्लिप चालू होती. त्याची नजर व्हॅनवर नव्हती, कडेला होती. कडेला गंगूबाई झाडू मारत होती.

गंगूबाई शीतलछायाची झाडलोट करायची. ज्ञानदीप तिला चांगला ओळखायचा. शिडीवर असताना पाण्याची बाटली वर देणारी त्या सोसायटीत ती एकटीच. तिचा उजवा गुडघा गेलेला होता. ती गेटापासून पहिल्या जिन्यापर्यंत यायची तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन व्हायचा, आणि सेक्रेटरी ओरडला तरी तिचं पाऊल लवकर पडायचं नाही. टीव्हीवरची गंगूबाई मात्र भराभर झाडू मारत होती. मग व्हॅन आली, म्हातारी पडली, आणि गंगूबाई झाडू टाकून तिच्याकडे तरातरा चालत गेली.

ज्ञानदीपच्या हातातली पिन खाली पडली. त्याने कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. प्रत्येक चित्रावर डबा वेळ छापतो, ती तिथेच होती, पहिल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सेकंद उड्या मारत पळत होते. दहा, त्याला आठवलं. मीच दहा करून ठेवले होते.

मूळ फाईल अजून लॅपटॉपवर होती. काळी स्क्रीन, तीच कमांड, त्याच चार ओळी. वेळ: एन-ए. फाईलने तेव्हाही हेच सांगितलं होतं की मला ठाऊक नाही. ज्ञानदीपने दहाचा आकडा हाताने लिहिला, नवी फाईल केली आणि बघितली. पूर्ण बघितली. मग लॅपटॉप मिटला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, यापुढे जे करावं लागणार त्याचा कंटाळा. आपण इतके दमलोय की आपल्याला चूक सुधारायचाही कंटाळा येतो, हे त्याला त्या दुपारी कळलं आणि ते फार वाईट वाटलं.

त्याने आधी परेशला सांगितलं. परेशने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की जाने दो. ती क्लिप बघून तीन सोसायट्यांनी कॅमेरे लावले, आता आपणच जाऊन सांगायचं का की आमचा व्हिडिओ खोटा होता? शिवाय आता कोण बघतंय, लोक विसरले. परेश काही खोटं बोलत नव्हता. लोक क्लिप विसरले होते. उदयसिंह गाडी पळवतो, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

उदयसिंहचा नंबर त्याने गंगूबाईकडून घेतला. ती गेटाजवळ बसून बिस्किट खात होती. नंबर देता देता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. आनंदीबाईंना घरी आणलंय, पण म्हातारी सारखी म्हणते की मी फार वेळ रस्त्यावर पडून होते, कुणी उचलायलाच येईना. श्रीहरीसाहेब तिला मोबाइल दाखवतात, की बघ आई, लोक लगेच आले. तरी ती ऐकत नाही. म्हणून आता तिला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं चाललंय. घराची किल्ली पण काढून घेतली, बरी झाल्यावरही एकटीला सोडायचं नाही म्हणून. आताशा म्हातारीने बोलणंच सोडलंय, गंगूबाई म्हणाली. तू काय म्हणतेस, असं ज्ञानदीपने विचारलं. गंगूबाईने बिस्किटाचा कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, मला कुणी पूछाच नाही.

उदयसिंह गौतमपुऱ्याला भावाच्या शेतावर लसणाला पाणी देत होता. ज्ञानदीपने फोनवर त्याला सगळं सरळ सांगितलं, चूक कुणाची तेही सांगितलं. पलीकडून शिवी येईल म्हणून त्याने मनाची तयारी केली होती. पण उदयसिंहने आधी पाण्याची मोटार बंद केली.

“पहले मैं बोलता था कि धीरे चला रहा था,” उदयसिंह म्हणाला. “फिर वो वीडियो देखा, चार बार, दस बार। फिर मैंने भी मान लिया भिया, कि मैं ही तेज था। घर में भी बोल दिया कि गलती मेरी है।”

शिवी परवडली असती.

त्याच संध्याकाळी तो शीतलछायात गेला. आनंदीबाईंचा पलंग समोरच्याच खोलीत टाकला होता. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बारीक चणीची बाई, डोक्याला सुती रुमाल बांधलेला. ज्ञानदीप आत आला तरी त्यांनी वळून बघितलं नाही. श्रीहरींनी चहा सांगितला आणि कसं काय येणं केलं म्हणून विचारलं. ज्ञानदीपने उभ्यानेच सांगून टाकलं: मी तुम्हाला दिलेली क्लिप चुकीच्या वेगाची होती, चूक माझी, बरोबर करून आणली आहे.

श्रीहरींच्या चेहऱ्यावर आधी काही कळल्याचं दिसलं नाही. ज्ञानदीपने लॅपटॉप टेबलावर उघडला आणि क्लिप लावली. व्हॅन वळणावरून आली. सायकलवाला जाईल तितक्या वेगाने आली. आनंदीबाई पिशवी सांभाळत दोन गाड्यांच्या मधून अचानक रस्त्यावर आल्या, व्हॅनने ब्रेक मारला, तरी बाजू लागलीच. श्रीहरींनी हात पुढे करून क्लिप थांबवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते.

“हे तर स्लो मोशन केलंय तुम्ही,” ते म्हणाले. “त्या ड्रायव्हरने बोलला तुम्हाला असं करायला?”

ज्ञानदीपला राग आला नाही. त्यांच्या जागी त्यालाही हेच वाटलं असतं. तो म्हणाला, की माझ्यावर विश्वास ठेवू नका, कोपऱ्यातलं घड्याळ बघा आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. त्याने आधी जुनी क्लिप लावली. भिंतीवरचा काटा एक घर सरकायच्या आत क्लिपमधले सेकंद दोन-तीन घरं पुढे गेले. मग नवी लावली. काटा आणि आकडा जोडीने चालले. श्रीहरी एकदा भिंतीकडे, एकदा स्क्रीनकडे बघत राहिले, आणि मग खुर्चीवर खाली बसले.

“चालू ठेव,” पलंगावरून आवाज आला. आनंदीबाई या कुशीला वळल्या होत्या. खुब्यातली कळ तोंडावर दिसत होती. “इकडे कर जरा ते. मला बघू दे.”

श्रीहरी म्हणाले, की आई, कशाला, त्रास होईल. पण ज्ञानदीपने लॅपटॉप उचलून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला.

व्हॅन थांबली होती. उदयसिंह उतरला, पोरांचं दार लावून घेतलं आणि धावत आला. आनंदीबाईंच्या डोक्याखाली त्याने आपला गमछा घडी करून ठेवला, विस्कटलेला पदर नीट केला. मग एकट्याने उचलायला गेला, त्या कळवळल्या असाव्यात, कारण त्याने लगेच हात मागे घेतला. तो गेटाकडे वळून हात करू लागला. गेटाजवळ पोह्यांची गाडी होती आणि गाडीभोवती माणसं होती, सोसायटीतलीच, हातात प्लेटा. वेगाच्या क्लिपमध्ये जे भांडण वाटत होतं ते आता सावकाश दिसत होतं. उदयसिंह लोकांना बोलावत होता. पुन्हा बोलावत होता. मग त्याने हात जोडले.

कुणी हललं नाही. एकाने घास खाल्ला. एकाने फोन काढला आणि तो समोर धरला. पोहेवाल्याने पुढच्या प्लेटीत शेव घातली. दूरून गंगूबाई तेवढी निघाली होती, एक पाय ओढत, कडेच्या उभ्या गाड्यांचा आधार घेत, आणि संपायचं नाव न घेणारं ते अंतर ती चालत होती. चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली होती. स्क्रीनवर आनंदीबाई पडून होत्या. अजून पडून होत्या. गंगूबाई पोहोचली, खाली बसली, तिने काहीतरी जोरात म्हटलं असावं, आणि मग कुठे प्लेटा खाली ठेवल्या गेल्या.

आनंदीबाई रडत नव्हत्या. त्यांनी हात लांब करून मुलाच्या मनगटाला धरलं.

“मी सांगत होते ना तुला,” त्या म्हणाल्या. “फार वेळ पडले होते म्हणून.”

श्रीहरींनी मान खाली घातली. आईला वेडी ठरवायला निघालो होतो, हे त्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की ज्ञानदीपने दुसरीकडे बघितलं. थोड्या वेळाने ते उठले, खिशातून कागद काढून फाडला, डॉक्टरची चिठ्ठी असावी, आणि फोन घेतला. ही क्लिप मला द्या, म्हणाले, आत्ता ग्रुपवर टाकतो, शाळेच्या पालकांनाही पाठवतो. उदयसिंहला मी स्वतः आणायला जाईन. ज्ञानदीपने फाईल त्यांच्या फोनवर पाठवली.

फाईल पोहोचली, तसा त्यांचा अंगठा थबकला. त्यांनी क्लिप पुन्हा थोडी पुढे-मागे केली. पोह्यांच्या गाडीजवळची माणसं स्वच्छ दिसत होती. त्यांतला एक कमिटीचा खजिनदार होता, एक शेजारच्याच दाराचा. फोन धरून उभा असलेला तर दर रविवारी याच खोलीत बसून आनंदीबाईंच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन जायचा.

“ज्ञानदीपजी,” श्रीहरी हळूच म्हणाले, “ये जरा धक्क्यापर्यंतच कापून द्याल का? पुढचं नको. ड्रायव्हरचं काम तेवढ्यातच होऊन जाईल. काय आहे, आपल्याला इथेच राहायचं आहे ना.”

मागणी गैर नव्हती. उदयसिंहचं नाव तेवढ्याने खरंच धुऊन निघालं असतं. कापायला एक ओळ टाइप करायची होती, आणि मग घरी जाता आलं असतं. ज्ञानदीपने दमलेले हात लॅपटॉपवर ठेवले आणि पलंगाकडे बघितलं.

“काकू, कापू का?”

आनंदीबाईंनी स्क्रीनवरच्या त्या माणसांकडे एकेक करून बघितलं. सगळ्यांना त्या नावानिशी ओळखत होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “मी जेवढा वेळ पडले होते ना, तेवढा वेळ बसून बघू दे सगळ्यांना.”

श्रीहरींनी क्लिप होती तशी पाठवली.